पाट्या आणि त्याबरोबर लागतं ते

दान करावं, पण चारचौघांत बोलून करू नये. हे शहाणपण मला आलं तेव्हा मी लोणावळ्याच्या बाजारपेठेतून दोन शिपायांच्या मधोमध चाललो होतो. पुढे फौजदार, मागे हमालाच्या डोक्यावर माझा मुद्देमाल, आणि चिक्कीच्या दुकानांतून लोक उठून उठून बघत होते.

पण हे पुढचं झालं. आधी गणपतीचं सांगतो.

साल बेचाळीस. पुढारी तुरुंगात, तारा तुटत होत्या, घाटातल्या पुलांवर बंदुका घेतलेले पहारेकरी उभे होते. अशा दिवसांत सरकारी नोकराने खाली मान घालून कचेरीत जावं आणि खाली मान घालून घरी यावं. मी तेच करत होतो. कुठल्या कचेरीत कारकून होतो ते सांगत नाही, कारण पेन्शन अजून तिथूनच येते.

आमच्या शेजारी कोंडाजीराव राहत. मुकादमी करून निवृत्त झालेले आणि सल्ला देण्याच्या कामावर कायम झालेले. त्यांच्या घरी आरतीला आळीतली सगळी मंडळी जमली होती. त्यांत भिमाजी मास्तर म्हणून एक गृहस्थ होते. वलवणच्या वर, धरणाच्या पाण्यापलीकडच्या डोंगरात एक ठाकरवाडी आहे, तिथली एका मास्तराची शाळा ते चालवत आणि तिथेच राहत. उंच, किडकिडीत माणूस, कोटाचं प्रत्येक बटण वेगळ्या घराण्यातलं. खिरापत खाता खाता ते सहज म्हणाले,

"पोरं हुशार आहेत हो आमची. पण पाट्या नाहीत. जमिनीवर राख पसरतो आणि बोटानं गिरवून घेतो. वारा आला की सगळा धडा उडून जातो."

सगळे हसले. मलाही हसून गप्प बसता आलं असतं. पण मोदक जरा जास्त झाले होते, समया तेवत होत्या, आणि समोर एवढे लोक आयते बसलेले होते. माणसाच्या तोंडून उदात्त बोलणं निघायला याहून जास्त काही लागत नाही.

"मास्तर," मी म्हणालो, "काळजी करू नका. दसऱ्याला तुमच्या वाडीतल्या प्रत्येक मुलाच्या हातात पाटी असेल. यंदाचं पाटीपूजन नव्या पाटीवर. हा माझा शब्द!"

नुसतं 'बघू या' म्हणालो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती. 'शब्द' म्हटल्यावर कोंडाजीरावांनी "वा, श्रीधरपंत, वा!" केलं, बायकांनी आतून डोकावून पाहिलं, आणि मास्तरांनी उठून माझे दोन्ही हात धरले. डोकावणाऱ्या बायकांत माझी पत्नी लीला होती. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "अहो, आपल्या बाळूची पाटी गेल्या वर्षी फुटली, ती अजून आणायची आहे."

मला वाटलं, लोक विसरतील. लोक विसरलेही. मास्तर विसरले नाहीत. गणपती बुडतात न बुडतात तोच ते डोंगर उतरून दारात हजर.

"भाऊसाहेब, वाडीत सांगून टाकलं मी! पोरं नुसती धावत आली. लाकडाला जाणारी, गुरांमागं फिरणारी. अहो, मुलीसुद्धा! बुधा ठाकराची चिंगी आहे, ती बापाला सांगून आली, पाटी मिळणार असंल तर मी मोळीला जायची न्हाई."

"छान, छान," मी म्हणालो. 

"वरचे साहेब म्हणत होते, पोरं येत नाहीत, दिवाळीनंतर शाळा उचलू. आता कशी उचलतील? फक्त दसऱ्याला पाट्या हव्यात बघा. रानातलं पोर एकदा फसलं की दुसऱ्यांदा शाळेत येत नाही."

एवढं बोलून ते चहा पिऊन गेले. म्हणजे मी गणपतीसमोर बोललेल्या एका वाक्यावर आता एक अख्खी शाळा टांगली होती.

समोरच्या झुंबरबाईंना हे कळलं. त्या म्हणाल्या, "विकत कशाला घेता? घरोघर जुन्या पाट्या पडून असतात. मागायची लाज बाळगू नये, चांगलं काम आहे." लाज मी बाळगायची होती, त्यामुळे सल्ला देणं त्यांना सोपं गेलं. पिशवी घेऊन मी दारोदार फिरलो. त्या दिवसांत सरकारी माणूस पिशवी घेऊन दारात आला की लोकांना एकच वाटे, हा लढाईचा फंड गोळा करतोय. एका घरातला कर्ता पुरुष माझ्या डोळ्यांदेखत मागच्या दाराने परसात गेला आणि मी जाईपर्यंत केळीच्या झाडाआड उभा राहिला. ज्यांना खरं कारण पटलं त्यांनी मनापासून दिलं. कुणी पाटी नसलेली चौकट दिली, कुणी चौकट नसलेली पाटी दिली, आणि या दोघांची एकमेकांशी गाठ काही पडेना. बाकी नुसते तुकडे. एका हॉटेलवाल्याने 'येथे गरम भजी मिळतील' ही जुनी पाटी काढून दिली. पाटी मागितली, पाटी दिली. त्याचं काय चुकलं? ती पिशवी घरी ओतल्यावर लीलाने आधी तुकडे बघितले, मग मला बघितलं आणि केरसुणी आणली.

तेव्हा कोंडाजीराव पुढे सरसावले. "हे असलं भिकारडं काम करूच नका. माझा मेहुणा हौशीराम पुण्याला घाऊक व्यापार करतो. त्याच्याकडे मिळत नाही अशी वस्तू नाही. मी जातोच आहे पुण्याला, सांगून येतो. रेल्वेने तुमच्या नावावर पाठवील."

मी पैसे त्यांच्या हाती दिले आणि, देव साक्षी आहे, नीट समजावून सांगितलं. "पाट्या. लहान मुलांच्या. आणि पेन्सिली."

"अहो, मला पाट्या शिकवता? पाट्या आणि त्याबरोबर लागतं ते. झालं की नाही?"

झालं, असं मीच म्हणालो. हे वाक्य मला नंतर फौजदारासमोर जसंच्या तसं ऐकायला मिळणार होतं.

त्यानंतर वाट बघणं सुरू झालं. गाड्या पलटणींनी भरून जात होत्या. माल कुठे निघाला, कुठे पडला, कुणाला ठाऊक नव्हतं. मी कचेरीतून सुटलो की स्टेशनवर. "काही आलंय का?" "नाही." घटस्थापना झाली, तरी नाही. रोज स्टेशनवर घुटमळणारा माणूस त्या दिवसांत चांगला दिसत नाही, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. इतरांच्या आलं. आणि अधूनमधून मास्तर येत.  पायरीवर बसत, धोतराला चिकटलेली कुसळं काढत आणि माझ्याकडे आशेने बघत. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. माझी भूक गेली. चालता चालता मी उगाच लोकांच्या मुलांच्या दप्तरांकडे बघू लागलो, आणि एकदा एका मुलाने दप्तर छातीशी धरून पळ काढला.

अष्टमीच्या सकाळी एक शिपाई दारात आला. "फौजदारसाहेबांनी बोलावलंय. तुमच्या नावचा माल आलाय."

"आला!" मी ओरडलो. पोलीस खातं इतकं अगत्याचं असेल असं मला वाटलं नव्हतं. कोट चढवला, टोपी घातली.

"पाट्या आल्या तर फौजदार कशाला बोलावतील?" लीलाने विचारलं. नको तो प्रश्न नेमका विचारायची तिची जुनी सवय आहे.

चौकीत फौजदार मारुतराव खुर्चीत बसले होते. त्यांना भयंकर सर्दी झाली होती. निलगिरीचं तेल लावलेला रुमाल ते नाकाला लावत, डोळे मिटत, आणि डोळे उघडले की समोरचा माणूस गुन्हेगार आहे अशा नजरेने बघत. जमिनीवर तीन ढिगारे होते. एका ढिगाऱ्यात बांबूच्या छोट्या छोट्या टोपल्या, एकात एक बसवलेल्या. दुसऱ्यात फावडी. तिसऱ्यात दोन लोखंडी पहारी.

"हे तुमचं?"

"माझं... म्हणजे माझ्या नावावर दिसतंय."

"काय मागवलं होतं?"

"पाट्या."

"ह्या पाट्याच आहेत."

मी पाहिलं. खरंच पाट्याच होत्या. माती वाहायच्या पाट्या. 

"आणि ह्या पहारी?"

त्या क्षणी मला खरं सांगायचं होतं. खरं सांगताना माणसाचं तोंड इतकं कोरडं पडतं हे मला तेव्हा कळलं. "साहेब," मी म्हणालो, "त्या... पेन्सिली असाव्यात."

कोपऱ्यातला शिपाई हसला आणि फौजदारांनी बघताच खोकला. मारुतरावांनी रुमाल खाली ठेवला.

"वैशंपायन, रूळ उखडायला काय लागतं? पहार. त्याखालची खडी उपसायला? फावडं. उपसलेली खडी वाहायला? पाटी. आणि माणूस रोज संध्याकाळी स्टेशनवर येऊन विचारतो, आलं का, आलं का. वा! सरकारचा पगार घेता ना?"

"साहेब, हे सगळं लहान मुलांसाठी आहे!"

"मुलांकडून करून घेणार होता?"

मी कोंडाजीरावांचं नाव घेतलं. त्यांना बोलावून आणलं. ते आले, पहारी बघितल्या, आणि मी कुणी परका असल्यासारखे माझ्यापासून हातभर लांब उभे राहिले.

"यांना ओळखता?" फौजदारांनी विचारलं.

"ओळखतो. म्हणजे, आरतीपुरतं."

तरी त्यांच्याकडून हळूहळू उलगडा झाला. हौशीराम रस्त्याच्या कंत्राटदारांना सामान पुरवी. त्याला निरोप मिळाला, लहान मुलांच्या हाताला झेपतील अशा पाट्या आणि त्याबरोबर लागतं ते. त्याने छोट्या पाट्या निवडून काढल्या आणि त्याबरोबर लागतं ते घातलं. "आमच्या हौशीरामाला नावं ठेवू नका," कोंडाजीराव वर मलाच म्हणाले. "माल चोख आहे."

मारुतराव बराच वेळ विचार करत होते, की शिंक येण्याची वाट बघत होते, कोण जाणे. शेवटी म्हणाले, "शाळा आहे म्हणता? मग चला, दाखवा. शाळा दिसली, पोरं दिसली, तर सोडतो. नाही दिसली तर..." आणि त्यांनी रुमाल नाकाला लावला. ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. डोंगर चढताना मी ते शंभर तऱ्हांनी पुरं केलं.

तर अशी आमची वरात बाजारपेठेतून निघाली. मला वाटलं होतं, लोक छी-थू करतील. झालं भलतंच. एका म्हाताऱ्याने मला बघून डोक्यावरचं पागोटं सारखं केलं आणि हात जोडले. चिक्कीवाल्याने धावत येऊन पुडा माझ्या खिशात कोंबला आणि कानाशी म्हणाला, "धन्य आहात! वाटलं नव्हतं हो तुमच्याकडे बघून." माडीवरून कुणीतरी "जय!" एवढंच ओरडलं आणि खिडकी लावून घेतली. मी घामाघूम झालो. मी ओरडून सांगणार होतो की मी देशभक्त नाही, कृपा करून तसं समजू नका, मला बायको-मुलं आहेत. पण हे वाक्य भर बाजारात ओरडून कसं सांगायचं? तेवढ्यात समोरून आमच्या कचेरीचे रावसाहेब आले. मी ओळखीचं हसलो. रावसाहेबांनी लख्ख उन्हात छत्री उघडली आणि तिच्याआडून निघून गेले. नोकरी गेली, असं मी मनाशी म्हटलं.

आमच्या आळीच्या तोंडाशी झुंबरबाई उभ्या होत्या. "अहो लीलाबाई," त्या ओरडल्या, "भाऊंना धाबळी दिलीत का? कोठडीत गारठा असतो!" आणि लीला, जिने आयुष्यात झुंबरबाईंचं ऐकलं नव्हतं, ती धाबळी आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी घेऊन धावत आली. तिचे डोळे भरले होते. तिने बरणी हातात दिली तेव्हा मलाही भरून आलं. फौजदार बरणीकडे बघून म्हणाले, "तयारी पूर्ण दिसते."

वलवण मागे पडलं. धरणाचं पाणी उजवीकडे ठेवून आम्ही चढायला लागलो. सोनकीने डोंगर पिवळा झाला होता, पण माझं तिकडे लक्ष नव्हतं. एका हातात बरणी, खांद्यावर धाबळी, मनात सारखं एकच, पोरं शाळेत असू देत. चढावर फौजदारांची सर्दी मोकळी झाली आणि ते जरा माणसात आले, एवढाच दिलासा.

वाडी आली. आणि वाडीत कोणी नव्हतं.

चुली धुमसत होत्या, कोंबड्या फिरत होत्या, एका दारात अर्धवट विणलेली चटई पडली होती. माणूस नाही. मला हे आधीच सुचायला हवं होतं. डोंगरावरून खाकी कपडे दिसले की सगळी वाडी रानात जाते. लाकूडतोडीबद्दल कुणाच्या अंगावर तक्रार असते, कुणाच्या नसते, पण विचारपूस व्हायला थांबत कोणी नाही. एक ठार बहिरी म्हातारी तेवढी नाचणी कांडत होती. तिला शिपायाने विचारलं, "पोरं कुठायत?" ती म्हणाली, "व्हय, औंदा बरी पिकली."

कुडाच्या शाळेच्या दारात भिमाजी मास्तर उभे होते. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांना टोपल्या दिसल्या. मग शिपाई दिसले. शेवटी त्यांनी माझ्या हातातली लोणच्याची बरणी बघितली आणि त्यांचा पुरता गोंधळ झाला.

"पोरं कुठायत?" फौजदारांनी विचारलं.

"होती. आत्ता होती!"

"हे मी नोकरीला लागल्यापासून ऐकतोय."

"साहेब, आत बघा! राखेत आत्ताच गिरवलेली अक्षरं आहेत!"

आम्ही आत बघितलं. दोन्ही शिपाई आधीच आत शिरले होते आणि कुठे काही पुरलंय का ते तपासत चहूकडे फिरले होते. राखेत आता फक्त सरकारी बुटांचे ठसे होते.

मास्तर अंगणात धावले. "या रे बाहेर! पोलीस काही करणार नाहीत!" 'पोलीस' शब्दासरशी करवंदीच्या जाळीत खसफस झाली आणि ती खसफस आणखी लांब गेली.

"पुरे," मारुतराव म्हणाले. "चला खाली." एका शिपायाचा हात माझ्या खांद्यावर पडला.  मला वाटलं, आता लीलाला कोण सांगणार?

तेव्हा मास्तर पोरांना हाका मारायचे थांबले. अंगणाच्या मधोमध ताठ उभे राहिले, हात मागे बांधले, डोळे मिटले, आणि रोज वर्गात म्हणत असतील तशा खड्या सुरात म्हणाले,

"बे एके बे!"

शांतता. कोंबडीसुद्धा थांबली.

"बे दुणे..."

जाळीतून, अगदी बारीक आवाजात, आलं, "चार."

फौजदारांनी मान वळवली.

"बे त्रिक..."

"सहा!" या वेळी दोन-तीन आवाज होते. एक उंबरावरून आला.

"बे चोक!"

"आठ!" "बे पंचे!" "दहा!" आता सगळ्या बाजूंनी येत होतं. झुडपांतून, कातळाआडून, गोठ्याच्या पेंढ्यातून. माणूस एकही दिसत नव्हता आणि सगळं रान पाढा म्हणत होतं. पळून जायचं त्या पोरांना कळत होतं, पण मास्तरांनी विचारल्यावर गप्प कसं बसायचं ते कुणी शिकवलं नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला. अजूनही येतो.

"बे साते!"

"पंधरा!" जाळीतून एकच आवाज ठणकावून आला.

"चौदा!" असं तीन जण एकदम म्हणाले. एक उंबरावरचा, एक कातळामागचा, आणि तिसरे फौजदार मारुतराव.

"पंधरा म्हणणारं कोण ते?" मास्तर गरजले. "बाहेर ये आधी!"

जाळी हलली आणि केसांत काटक्या अडकलेली एक मुलगी रागारागाने बाहेर आली. "मी चौदाच म्हननार व्हते," ती म्हणाली. "ह्या शिदूनं मला ढकललं!" ही चिंगी. तिच्या मागून शिदू आला, मग उंबरावरचा उतरला, मग एकेक करत अंगण भरलं. मारुतरावांनी नाक शिंकरलं. सर्दी असलेल्या माणसाचं एक बरं असतं, डोळे का पुसले ते सांगावं लागत नाही.

पोरं आल्यावर मोठी माणसं आली. सगळ्यांत शेवटी कमरेला कोयता लावलेला बुधा, चिंगीचा बाप. "साहेब, आमी काय केल्यालं न्हाई," तो लांबूनच म्हणाला.

"माहीत आहे रे," फौजदार म्हणाले. "सोडा यांना."

खांद्यावरचा हात गेला. मी मटकन ओट्यावर बसलो. बुधाची नजर टोपल्यांवर गेली. त्याने एक उचलली, फिरवून बघितली.

"ह्या कुनासाटी आनल्या, भाऊसाहेब?"

"तुमच्यासाठी," मी खोल गेलेल्या आवाजात म्हणालो.

"आमी ह्या इनून लोनावळ्याच्या बाजारात इकतो. आन तुमी इकत घिऊन डोंगर चढून आमालाच आनून दिल्या?"

आधी बुधा हसला. मग त्याची बायको. मग सगळी वाडी, शिपाई, मास्तर. बहिऱ्या म्हातारीला काहीच कळलं नव्हतं, पण ती सगळ्यांत जास्त हसली. मी कोट नीट केला. नीट करण्याजोगं माझ्याकडे तेवढंच उरलं होतं.

चिंगी हसली नव्हती. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"पाटी कुटं हाय?"

मी हातातली बरणी ओट्यावर ठेवली.

"मास्तर म्हनलं व्हतं, तुमी पाटी देनार."

"चुकलं गं," मी म्हणालो. "भलत्याच पाट्या आल्या."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. ती रडली नाही की भांडली नाही. "बरं," म्हणाली, कुडात खोवलेला मोळीचा दोर ओढून काढला आणि रानाकडे चालू लागली. शिदूने तिच्याकडे बघितलं, मास्तरांकडे बघितलं आणि तोही निघाला.  दिवसभर मला नोकरीची, कोठडीची, अब्रूची भीती वाटत होती. पण त्या पोरीच्या पाठीकडे बघताना जे वाटलं ते आणखी वेगळं होतं, आणि ते मला सोसेना.

"बुधा," मी ओरडलो, "ह्या टोपल्या बाजारात खपतील का रे?"

"उद्या दसऱ्याचा बाजार. झेंडू न्यायला समद्यांस्नीच लागत्यात. पन आमच्या बायकांकडं आदीच आपल्या हायत, त्यांच्या पोटावर पाय कशाला?"

"आधी त्यांच्या खपू देत. मग माझ्या. मी स्वतः बसतो." आणि रानाकडे तोंड करून म्हणालो, "चिंगे! परवा पाटी आणली नाही तर खुशाल मोळीला जा!"

'हा माझा शब्द' असं मात्र म्हणालो नाही. तेवढं शिकलो होतो. ती थांबली. दोर खाली ठेवला नाही, पण थांबली.

खंडेनवमीला सुट्टी होती. काल ज्या बाजारातून लोकांनी मला हुतात्मा म्हणून जाताना बघितलं, त्याच बाजारात आज मी वाडीतल्या बायकांच्या रांगेत शेवटी, पुढे टोपल्या मांडून, उकिडवा बसलो होतो. चिक्कीवाल्याने बघितलं आणि त्याचा चेहरा असा पडला की मला पुडा परत करावासा वाटला. म्हाताऱ्याने पागोट्याला हात लावला नाही. फौजदारांनी फावडी शाळेला दिली होती आणि पहारी ठेवून घेतल्या होत्या. त्यांचा शिपाई येऊन दोन टोपल्या घेऊन गेला. झुंबरबाईंनी एक घेतली आणि शेजारधर्म म्हणून एक फुकट मागितली. दुपारी समोर एक छत्री येऊन थांबली. ती हळूच वर झाली. आत रावसाहेब होते.

"वैशंपायन? सुटलात?"

"हो, साहेब."

त्यांनी इकडेतिकडे बघितलं, एक टोपली उचलली, बुडाला बोट घालून दाबली. "फार सांगताय," ते म्हणाले. "कमी करा." एवढ्यावरून मला कळलं की नोकरी आहे. इतकं हायसं वाटलं की मी किंमत खरोखर कमी केली.

वाडीतल्या बायकांचा माल संपला तेव्हा त्या उठून गेल्या नाहीत. माझ्या मागे बसल्या आणि गिऱ्हाइकांना ओरडून बोलावू लागल्या, कारण माझा आवाज पोचत नाही असं त्यांचं मत पडलं. दिवस मावळेपर्यंत टोपल्या संपल्या. जे आलं त्यातून गावातल्या दुकानातल्या होत्या नव्हत्या त्या सगळ्या पाट्या आणि पेन्सिली उचलल्या. दुकानदाराने विचारलं, "पाट्याच ना?" मी एकेक हातात घेऊन, नख ओढून, खात्री करून घेतल्या. प्रत्येकाला एक पुरणार नव्हती. दोघांत एक.

दसऱ्याला लीलाही डोंगर चढून आली. मास्तरांनी एका पाटीवर एकाचे आकडे जोडून सरस्वती काढली, पोरांनी तिला सोनकीची फुलं वाहिली, आणि पाट्या वाटून झाल्या. चिंगी आणि शिदू यांच्या वाट्याला एक आली आणि ती पहिली कुणी धरायची यावरून तिथेच जुंपली. वाडीतले लोक भोवती उभे होते. मास्तरांना राहवेना.

"भाऊसाहेब, पहिली अक्षरं तुमच्या हातची. तुमचं नाव लिहा. पोरांना कळू दे, कुणी दिल्या."

मी नको नको म्हणालो, पण पेन्सिल तेवढ्यात हातात आली होती. चिंगीची पाटी मांडीवर घेतली. श्रीधर काशिनाथ वैशंपायन. नाव मोठं, जोडाक्षरं अवघड, आणि मला ते वळणदार काढायचं होतं. 'श्री'लाच वेळ लागला. पोरं माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. लीला बघत होती. आयुष्यात माझं नाव इतक्या लोकांनी इतक्या आदराने कधी बघितलं नव्हतं.

"झालं?" चिंगीने विचारलं.

"होतंय."

"आता झालं?"

मी शेवटचा 'न' काढला आणि पाटी तिच्या हातात दिली. तिने नावाकडे एकदा बघितलं, तोंडात थुंकी जमवली, पाटीवर टाकली आणि कोपराने खसाखसा पुसून टाकलं.

"अगं, अगं!" मास्तर ओरडले.

"जागाच ठिवली न्हाई त्यांनी," चिंगी म्हणाली. पाटी वाळायलाही ती थांबली नाही. ओल्यावरच, जीभ बाहेर काढून, तिने 'चिं' गिरवला. तो इतका मोठा झाला की वरचं टिंब पाटीवर मावलं नाही, चौकटीवर गेलं.

"असू दे," मी म्हणालो आणि पाटी हलू नये म्हणून दुसऱ्या बाजूने धरून ठेवली.